बोअरचं पाणी, बेचाळीसचा आकडा आणि बाळाची बाटली

वाचकाचं पत्र

आमचं घर युरेनियमच्या खाणीपासून चारेक किलोमीटरवर आहे. अंगणातली जुनी विहीर आटली म्हणून नऊ वर्षांपूर्वी बोअर मारली. गेल्या महिन्यात पाणी तपासून घेतलं. रिपोर्टात युरेनियम लिटरला ४२ मायक्रोग्रॅम आणि 'एकूण अल्फा' लिटरला १.६ बेकरेल असं आलंय. दोन्हींपुढे लाल खूण आहे. घरात चार महिन्यांचं बाळ आहे. मला दूध पुरत नाही म्हणून वरून पावडरचं देते, तेही याच पाण्यात कालवून. पाणी मात्र चांगलं वीस मिनिटं उकळते. सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्या म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या हेच पाणी पितोय, कुणाला काय झालं? आमचे हे म्हणतात, घर विकून निघून जाऊ. शेजारच्या मुलाने किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र पेल्याजवळ धरलं, काटा हलला नाही, तर म्हणाला पाणी स्वच्छ आहे. एक विक्रेता 'रेडिएशन फिल्टर' घ्या म्हणून मागे लागलाय. हे सगळं खाणीमुळेच झालंय का? बाळाला अंघोळ घालतानासुद्धा हात थरथरतात. काय करू?
— एक आई

उत्तर

ताई, आधी बाळाची बाटली. बाकीचं वाचण्याआधी एवढं करा: आजपासून बाळाच्या दुधासाठी या बोअरचं पाणी वापरू नका. घाबरून जाण्याजोगं काही झालेलं नाही, पण लहान बाळाचं गणित मोठ्यांपेक्षा वेगळं असतं. साठ किलोचा माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो, म्हणजे किलोमागे तेहतीस मिलिलिटर. पाच किलोचं बाळ वरच्या दुधावर असेल तर त्याच्या पोटात दिवसाला पाऊण लिटर जातं, म्हणजे किलोमागे दीडशे मिलिलिटर. पाणी तेच, पण बाळाच्या वाट्याला वजनाच्या मानाने साडेचार पट येतं. त्याची मूत्रपिंडं अजून तयार होताहेत, ते वेगळंच.

दुसरं पाणी आणताना एक सांभाळा. युरेनियम टाळायचं म्हणून ओढ्याचं किंवा उघड्या आडाचं गढूळ पाणी बाळाला देऊ नका. युरेनियमचा परिणाम व्हायचा तर महिने-वर्षं लागतात, जुलाबाने बाळ दोन दिवसांत कोमेजतं. तपासलेल्या सार्वजनिक नळाचं पाणी किंवा खात्रीचं बाटलीबंद पाणी आणा, आणि तेही उकळून, निववून वापरा. अंगावरचं दूध जेवढं येतंय तेवढं पाजत राहा. आईच्या दुधात युरेनियम फारच थोडं उतरतं, स्तनपान थांबवण्याचं काहीही कारण नाही.

आता उकळण्याबद्दल. ताई, तुम्ही काळजीपोटी जे करत होतात त्याने नेमकं उलटं होत होतं, हे सांगताना मला वाईट वाटतं. उकळल्याने जंतू मरतात, पण युरेनियम हा धातू आहे, तो वाफेबरोबर जात नाही. वीस मिनिटांत पातेल्यातलं पाणी आटतं आणि युरेनियम तेवढंच राहतं, म्हणजे उरलेलं पाणी आणखी दाट होतं. जंतूंसाठी खळखळून एक उकळी आली की पुरे. यात तुमची चूक नाही. पाण्याचा धोका म्हटला की जंतू, एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं.

रिपोर्टातल्या दोन्ही आकड्यांपुढे लाल खूण असली तरी ते दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्हाला कुणी हे फोडून सांगितलेलं दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला आकडा, ४२ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही पातळी सुचवली आहे, ती किरणोत्सर्गासाठी नव्हे. ती मूत्रपिंडासाठी आहे. युरेनियम शिसं-कॅडमियमसारखा जड धातू आहे, आणि पाण्यातून पोटात गेलेल्या युरेनियमचा मुख्य त्रास रासायनिक असतो. प्यायलेल्यापैकी साधारण एक-दोन टक्केच रक्तात शिरतं, बाकी शौचावाटे निघून जातं. रक्तात शिरलेलं बहुतेक लघवीवाटे बाहेर पडतं, थोडं हाडांत बसतं. बाहेर पडताना ते मूत्रपिंडातल्या ज्या बारीक नळ्यांतून जातं, तिथल्या पेशींना त्याचा जाच होतो.

हे तीस कुठून आलं, तेही सांगते, कारण 'मर्यादा सोयीने वाढवतात' असं तुमच्या कानावर येईल. १९९८ साली हाच आकडा २ होता. पुढे १५ झाला, २०११ मध्ये ३०. सुरुवातीचा आकडा प्राण्यांवरच्या प्रयोगांवर बेतलेला होता. नंतर माणसांवरचे अभ्यास हाती आले. फिनलंडमध्ये ग्रॅनाइटमध्ये खोदलेल्या खासगी विहिरींचं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्या ३२५ लोकांची तपासणी झाली, ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या पाण्यातलं युरेनियम मध्यावर २८ मायक्रोग्रॅम होतं, आणि सगळ्यांत जास्त १,९२० होतं. ज्यांच्या पाण्यात युरेनियम जास्त, त्यांच्या लघवीतून कॅल्शियम थोडं जास्त जात होतं, म्हणजे नळ्यांच्या कामात फरक पडत होता. पण मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या मूळ कामात बिघाड दिसला नाही. तीसलाही संघटना आजवर 'तात्पुरती' पातळीच म्हणते. तेव्हा तीसच्या खाली अमृत आणि वर विष, असं नाही. बेचाळीस म्हणजे पाणी बदलायला हवं, एवढं नक्की. नऊ वर्षं प्यायलात म्हणून घरातल्यांची मूत्रपिंडं गेली, असा त्याचा अर्थ होत नाही.

सासूबाईंचं मात्र मी बाळाच्या खालोखाल धरते. बारा वर्षांच्या मधुमेहाने मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, त्यात हा आणखी एक भार कशाला? नवं पाणी आणाल त्यातलं बाळानंतर पहिलं त्यांना. त्यांच्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवा आणि रक्तातल्या नुसत्या क्रिएटिनिनवर थांबू नका. ते वाढेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. लघवीतलं अल्ब्युमिन तर मधुमेहासाठी तपासायचंच असतं. नळ्यांचं काम पाहायला बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनची तपासणी असते, ती करायची का, हे डॉक्टरांना विचारा.

आता दुसरा आकडा, १.६ बेकरेल. तुम्ही याकडे कमी लक्ष दिलंय आणि मला खरी रुखरुख इथेच आहे. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. 'एकूण अल्फा' ही चाळणी आहे: पाण्यात अल्फा कण, म्हणजे फुटणाऱ्या अणूतून उडणारा जड तुकडा, सोडणारं जे काही असेल ते सगळं एकत्र मोजायचं, कोण किती ते विचारायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची चाळणी लिटरला ०.५ बेकरेलची आहे. त्याच्या वर गेलं म्हणजे पाणी पिऊ नका असं नव्हे, आत काय आहे ते शोधा, असा त्याचा अर्थ.

चला, शोधू. नैसर्गिक युरेनियमच्या एका मिलिग्रॅममधून साधारण २५ बेकरेल मिळतात. तुमचं ४२ मायक्रोग्रॅम म्हणजे सुमारे १.०५ बेकरेल. रिपोर्ट म्हणतो १.६. वरचा अर्धा बेकरेल कुणाचा?

कदाचित तोही युरेनियमचाच असेल. भूजलात युरेनियम-२३४ हा हलका भाऊ खडकातून जरा सहज सुटून येतो, त्यामुळे पाण्यात त्याचं प्रमाण अनेकदा जास्त भरतं. तसं असेल तर फारशी काळजी नाही. पण तो रेडियम-२२६ असू शकतो, किंवा पोलोनियम-२१०. युरेनियम फुटत फुटत शेवटी शिसं होतं, त्या वाटेवरचे हे मुक्काम. आणि इथे फरक केवढा पडतो पाहा. मोठ्या माणसाने दिवसाला दोन लिटर हे पाणी वर्षभर प्यायलं, तर त्यातल्या सगळ्या युरेनियमचा मिळून किरणोत्सर्गाचा डोस होतो साधारण ०.०४ मिलिसीव्हर्ट (शरीराला किरणोत्सर्ग किती बाधतो, ते मोजायचं हे माप). उरलेला अर्धा बेकरेल रेडियम-२२६ असेल, तर त्या एकट्याचा ०.१. पोलोनियम असेल तर ०.४ च्या पुढे. बाळासाठी हे आकडे आणखी चढे धरायचे. निसर्गातून, म्हणजे हवेतला रेडॉन वायू, जमीन, आकाश आणि अन्न मिळून, जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच, आणि पाण्यापुरती आरोग्य संघटनेने ०.१ ची रेघ आखली आहे. म्हणजे तुमच्या पाण्यातलं युरेनियम किरणोत्सर्गाच्या हिशेबात रेघेच्या आत बसतं. जे अजून मोजलेलंच नाही, ते कदाचित बसत नसेल.

म्हणून लॅबला सांगा: रेडियम-२२६, रेडियम-२२८, शिसं-२१० आणि पोलोनियम-२१० वेगवेगळं मोजून हवं. रेडियम-२२८ आणि शिसं-२१० यांचं नाव मुद्दाम घ्या, कारण ते बीटा कण सोडतात, अल्फाच्या चाळणीत ते सापडत नाहीत. रेडियम शरीरात कॅल्शियमच्या वाटेने हाडांत जातं, वाढत्या बाळाच्या हाडांत तर जास्तच, म्हणून मी हट्ट धरतेय. अनेकदा लोक युरेनियम तपासतात, ते कमी निघालं की सुटकेचा श्वास टाकतात. पण युरेनियम आणि रेडियम पाण्यात हातात हात घालून येतीलच असं नाही. युरेनियम विरघळतं ते हवा पोचलेल्या, बायकार्बोनेट भरपूर असलेल्या पाण्यात. रेडियम उलट प्राणवायू नसलेल्या, खारट पाण्यात सुटतं. एकाच आळीतल्या दोन बोअरवेलमध्ये एकीत हे आणि दुसरीत ते, असं होऊ शकतं. शेजाऱ्याचा रिपोर्ट तुमच्या कामाचा नाही, तुमचा त्याच्या कामाचा नाही.

शेजारच्या मुलाचा हेतू चांगला होता. पण अल्फा कण हवेत काही सेंटीमीटर जेमतेम जातो, पाण्यात तर केसाच्या जाडीइतकंही अंतर कापत नाही. पेल्यातला कण पेल्यातच थांबतो, काटा हलणार कसा? ते यंत्र अशा पाण्याबद्दल काहीच सांगू शकत नाही.

अंघोळीबद्दल: हात थरथरू देऊ नका. युरेनियम आणि रेडियम कातडीतून आत जात नाहीत म्हटलं तरी चालेल. बाळाला या पाण्याने खुशाल न्हाऊ घाला, पाणी तोंडात जाऊ देऊ नका इतकंच. कपडे, भांडी, फरशी, सगळं चालेल. स्वयंपाकाचं पाणी मात्र पिण्याच्या पाण्यातच मोजा, ते शेवटी पोटातच जातं. रेडॉन वायूचा प्रश्न थोडा निराळा आहे. तो पाण्यातून हवेत सुटतो आणि श्वासातून फुप्फुसात जातो. 'एकूण अल्फा'च्या तपासणीत पाणी आटवतात तेव्हा तो उडून गेलेला असतो, म्हणून त्या आकड्यात तो नाही. ढोबळ हिशेब असा, की पाण्यात लिटरला १,००० बेकरेल रेडॉन असेल तर घरातल्या हवेत घनमीटरला १०० ची भर पडते. जमिनीच्या भेगांतून येणारा रेडॉन बहुतेक घरांत पाण्यातल्यापेक्षा जास्त असतो. खाणीच्या टापूत राहता, तर घराच्या हवेतला रेडॉन एकदा मोजून घ्या आणि न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवा.

फिल्टरवाल्याला एकच विचारा: यात कुठलं तंत्र आहे? अतिनील किरणांचा दिवा युरेनियमचं काहीही करत नाही, कँडलचा फिल्टरही नाही. कोळशाचा फिल्टर रेडॉन धरतो, पण मग तोच हळूहळू किरणोत्सर्गी होत जातो. बायकार्बोनेटच्या पाण्यात युरेनियमवर ऋण भार असतो, रेडियमवर धन. त्यामुळे एकाला धरणारी रेझिन, म्हणजे भार असलेले कण धरून ठेवणारे बारीक मणी, दुसऱ्याला सोडून देते. दोन्ही अडवायला घरगुती पातळीवर आरओ सगळ्यांत सोयीचा, चांगला चालत असेल तर नव्वद टक्क्यांहून जास्त काढतो. तुमच्या बेचाळीसचे चार-पाच होतील. पण बसवला आणि विसरला असं करू नका. बसवल्यावर गाळलेलं पाणी तपासा, पडदा जुना झाला की पुन्हा तपासा. त्याच्या वाया जाणाऱ्या पाण्यात अडवलेलं सगळं साठलेलं असतं, ते स्वयंपाकात किंवा जनावरांच्या पिण्यात जाऊ देऊ नका. फरशी, संडास यासाठी ठीक आहे. आणि विकत घेण्याची घाई नको. रेडियमचा रिपोर्ट हाती येईपर्यंत बाहेरचं पाणी आणून भागवा. 'रेडिएशन फिल्टर' नावाची वेगळी जादू नाही, एवढं त्या माणसाला ठामपणे सांगा.

आता खाणीमुळे का, हा प्रश्न. यात राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण उत्तर दोन्हीकडून पाहावं लागतं. खाण तिथे आली कारण खडकात युरेनियम होतं, आणि ते खडकात होतं म्हणजे पाण्यातही खाणीच्या कितीतरी आधीपासून थोडंफार उतरत होतं. पंजाबच्या माळवा भागात युरेनियमची एकही खाण नाही, तरी तिथल्या कितीतरी बोअरच्या पाण्यात ते तीसच्या वर सापडतं. दुसरीकडे, खाणीने पाणी नासतं हेही तितकंच खरं. अमेरिकेत नवाहो या मूळनिवासी लोकांच्या भूमीवर १९४४ ते १९८६ या काळात सुमारे तीन कोटी टन खनिज काढलं गेलं, पाचशेहून अधिक खाणी तशाच टाकून दिल्या, आणि आजही तिथल्या अनेक विहिरी पिण्याजोग्या नाहीत. तिथेच चर्च रॉक इथे १६ जुलै १९७९ रोजी खनिजातून युरेनियम काढणाऱ्या गिरणीच्या गाळाचा बांध फुटला आणि पस्तीस कोटी लिटरच्या आसपास आम्लयुक्त, किरणोत्सर्गी पाणी नदीत गेलं. युरेनियम काढून घेतल्यावरही खनिजातला साधारण ८५ टक्के किरणोत्सर्ग त्या गाळातच राहतो, कारण रेडियम आणि थोरियम-२३० तिथेच उरतात. शिवाय खाणीतलं पाणी उपसून भूजलाची पातळी खाली नेली, की आजवर बुडालेल्या खडकाला हवा लागते आणि न विरघळणारं युरेनियम विरघळू लागतं.

तुमच्या बाबतीत यातलं काय, हे एका रिपोर्टावरून कुणीही सांगू शकणार नाही. जो ठामपणे सांगेल, मग तो खाणीचा माणूस असो की आंदोलनातला, त्याच्याकडे पुरावा मागा. पुरावा असा दिसतो: गाळाच्या तलावाच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरींतला फरक, सल्फेट आणि एकूण क्षार वर्षांमागून वर्षं चढत जाणं, युरेनियमच्या दोन भावांचं (२३४ आणि २३८) गुणोत्तर, जे नैसर्गिक भूजलात बहुधा एकाहून जास्त असतं आणि गाळातून झिरपलेल्या पाण्यात एकाच्या जवळ येतं, आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे खाण सुरू होण्याआधीच्या पाण्याची नोंद. हे एका घराचं काम नाही, आजूबाजूच्या दहा-वीस घरांनी मिळून नमुने द्यायला हवेत, आणि खाणीकडून व सरकारकडून जुन्या नोंदी लेखी मागायला हव्यात. पाणी बदलायला या उत्तराची वाट पाहू नका. पण हा प्रश्न सोडूनही देऊ नका, कारण पाणी बदलायचा खर्च कुणी सोसायचा, हे यावरच ठरतं.

घर विकून जावं का? माझं मत, नाही. तुमच्या आकड्यांवर घर सोडायची वेळ आलेली नाही. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी बदललं की यातला बहुतेक प्रश्न सुटतो. यजमानांना ०.०४ चा हिशेब दाखवा. भीतीपोटी घर गेलं तर पुढच्या गावी बोअर मारणार तीही खडकातच, आणि तिथलं पाणी तुम्ही तपासलेलं नसेल.

नमुना पुन्हा घ्याल तेव्हा पंप दहा मिनिटं चालू द्या, मग लॅबनेच दिलेल्या बाटलीत घ्या. ते आत आम्ल घालतात, नाहीतर युरेनियम बाटलीच्या अंगाला चिकटतं आणि आकडा खोटा कमी येतो. पाणी सगळ्यांत खोल गेलेलं असताना एकदा आणि पाऊस होऊन गेल्यावर एकदा, असे दोन नमुने हवेत. त्याच खेपेला फ्लोराइड, आर्सेनिक आणि नायट्रेटही मोजून घ्या. अशा खडकात फ्लोराइड बरेचदा सोबतीला असतं, आणि त्याचा त्रास कधीकधी युरेनियमपेक्षा मोठा निघतो.

आणि सासूबाईंशी वाद घालू नका. त्या म्हणतात पिढ्यान्‌पिढ्या हेच पाणी, पण तुमच्याच पत्रात आहे की जुनी विहीर आटली आणि बोअर नऊ वर्षांपूर्वीची. पिढ्यान्‌पिढ्या प्यायले ते वरच्या थरातलं विहिरीचं पाणी. बोअरचं पाणी खालच्या खडकाच्या फटीतलं आहे, त्याला घरातली एकच पिढी माहीत आहे. त्यांना शेजारी बसवून विचारा: विहीर किती हात खोल होती? पाणी कोणत्या साली उतरायला लागलं? खाण तेव्हा सुरू झाली होती का? चव बदलली का, भांड्यांवर पांढरा थर कधीपासून बसायला लागला? वहीत तारखा-सालांसह लिहून घ्या. खाणीआधीच्या पाण्याची लेखी नोंद कुणाकडे नसेल, तर त्यांच्या आठवणीइतकं जुनं तुमच्याकडे दुसरं काही नाही. रेडियमचे आकडे आले की त्या वहीतल्या पानांसकट मला कळवा.